भालेराव बाईंचा फुगा

भालेराव बाई शेअर रिक्षात कधी कडेला बसल्या नाहीत. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर रिक्षा भरायची घाई असते. तिघं मागे, एक ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर लटकलेला, की निघाली रिक्षा. बाई मात्र छत्री टेकवून उभ्या राहायच्या. मधली जागा मोकळी असलेली रिक्षा आली तरच बसायच्या आणि बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगायच्या, "पुढे कोणाला घेऊ नका हं. वळणावर तुम्ही वळाल, तो माणूस सरळच जाईल." सुरुवातीला ड्रायव्हर वैतागायचे. मग त्यांच्या अंगवळणी पडलं. पुढे पुढे तर बाई लांबून दिसल्या की एखादा ड्रायव्हर शेजारच्याला म्हणायचा, "उतर जा भाई, टीचर आ रही है."

त्या आम्हाला नववीला विज्ञान शिकवायच्या. आमची शाळा मराठी माध्यमाची, नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते, त्यामुळे खिडक्या लावून घेतल्या तरी खडखडाट आत यायचा. नव्या आलेल्या शिक्षकांचे घसे पहिल्या महिन्यातच बसायचे. भालेराव बाईंचा कधी बसला नाही. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही आमचा धडा पाठ व्हायचा. त्या म्हणायच्या, "मी लूमच्या शेजारी वाढलेय. आमच्या घरात गुपितंसुद्धा ओरडून सांगायचे."

त्यांच्या खांद्याला एक मांजरपाटाची पिशवी असायची. तिच्यात गोट्या, दोरा, मोजपट्टी, एक रिकामी बाटली आणि बरंच काही. पुस्तक नसायचं. पुस्तकातल्या व्याख्या त्या आमच्याकडून घोकून घ्यायच्या, कारण परीक्षेत तेच लिहायचं होतं. पण घोकून झालं की पुस्तक मिटायला लावायच्या आणि आपल्या भाषेत सांगायच्या, "जे पडलंय ते पडूनच राहतं. जे निघालंय ते निघालेलंच राहतं. मध्ये कोणीतरी यावं लागतं."

आणि एक वाक्य तर रोजचंच. वही फाटली, दप्तर पडलं, शाई सांडली, आणि आम्ही "बाई, आपोआप झालं" म्हणालो की बाई चष्मा डोळ्यांवर चढवायच्या. "आपोआप काही होत नाही, मेघा. बल कुठून आलं?" बल कुठून आलं ते सांगेपर्यंत सुटका नव्हती. मी हे घरी इतक्यांदा बोलायचे की आईसुद्धा दूध उतू गेलं की विचारायची, बल कुठून आलं?

जडत्वाचा धडा त्यांनी आम्हाला लूमच्या कारखान्यात शिकवला. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार निवडला होता. मालक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी आमच्यासाठी एकच लूम चालू केला. धोटा, म्हणजे बाण्याचं आडवं सूत घेऊन जाणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोक असलेला, या बाजूनं त्या बाजूला असा काही जात होता की दिसतच नव्हता. नुसती एक रेघ. बाईंनी आम्हाला लूमपासून चांगलं लांब, भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं. पुढे सरकलेल्या दोघींना त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. बाईंच्या चेहऱ्यावर एरवीचं हसू नव्हतं.

मग त्यांनी लूम बंद करायला सांगितला. एकदम शांत झालं. भिवंडीत तेवढी शांतता क्वचितच मिळते.

"माझे वडील अशाच कारखान्यात होते," बाई म्हणाल्या. "मी दुसरीत असताना एक दिवस धोटा बाहेर उडाला आणि त्यांच्या डोळ्यावर बसला. उजवा डोळा गेला. मला वाटायचं, धोटा आप्पांवर चिडला होता. मी या बाजूला फिरकायची नाही. मग नववीत आमच्या सरांनी हा धडा शिकवला. मी तशीच धावत घरी गेले आणि आप्पांना सांगितलं, आप्पा, धोट्याला राग बिग नसतो. त्याला मारलं, तो निघाला. अडवायला समोर काही नव्हतं, म्हणून तो जातच राहिला. मध्ये तुम्ही होतात."

आमच्यातल्या कोणीतरी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"आधी डोळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, मला इतकी वर्षं वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."

बाईंनी चष्मा पुसला. "लिहून घ्या. पहिला नियम." आम्ही भिंतीला वह्या टेकवून लिहून घेतला.

आता नंदाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

नंदा शेवटच्या बाकावर बसायची. तिचे वडील गॅसचे फुगे विकायचे. जत्रांना, लग्नसराईत मंडपांबाहेर आणि एरवी नाक्यावर. ती वर्गात सहसा तोंड उघडायची नाही. लूमच्या भेटीनंतर दोन-तीन दिवसांनी बाईंनी विचारलं, "चालत्या गाडीनं ब्रेक मारला की आतलं काय काय पुढे जातं?" आम्ही ओरडायला लागलो. माणसं! डबे! पिशव्या! मागच्या बाकावरून नंदा उभी राहिली.

"बाई, फुगा मागं जातो."

"कुठला फुगा?"

"गॅसचा. बाबा जत्रेला बंद टेम्पोतून फुगे नेतात ना, मी पण जाते कधी कधी. ब्रेक मारला की आम्ही पुढं जातो नि फुगे मागं. मी पाहिलंय."

बाई हसल्या. कुचकट नाही, आपलं सहज. "अगं, फुग्यासाठी काय वेगळा नियम केलाय का कोणी? तू स्वतः पुढे गेलीस, म्हणून तुला फुगा मागे गेल्यासारखा वाटला. बस खाली."

बाई हसल्या म्हणून वर्ग हसला. वर्गाचं हसणं सहज नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत नंदाचं नाव फुगा पडलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या बाकावर खडूनं फुगा काढून ठेवला. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

पाचव्या दिवशी हजेरी घेताना बाई थांबल्या. "नंदाला बरं नाही का?" तिचं घर आमच्या गल्लीच्या मागेच होतं, म्हणून त्यांनी मला उभं केलं. मी म्हणाले, "बाई, तिला सगळे फुगा म्हणतात."

"कधीपासून?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "तुम्ही हसलात तेव्हापासून."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. बाईंनी हजेरीवही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर थांब. मला घर दाखव."

आम्ही गेलो तेव्हा नंदाची आई दारात भांडी घासत होती. बाईंना पाहून ती गडबडून उठली, पण बोलली ती सरळच. "न्हाय येणार ती आता शाळंत. तिला बोलवायला आला असाल तर उगाच आलात."

"मी बोलवायला नाही आले," बाई म्हणाल्या. "मी फुगा घ्यायला आलेय. गॅसचा. आणि तो गाडीत कसा वागतो ते दाखवायला कोणीतरी जाणतं माणूस हवंय. नंदा आहे का घरात?"

नंदा आतून ऐकत होती. तिच्या वडिलांनी एक लाल फुगा भरून दिला. नंदानं तो दोऱ्याला धरला आणि काही न बोलता चपला घातल्या.

कोपऱ्यावर अन्सारभाईंची व्हॅन उभी होती. ते मुलांची ने-आण करायचे. बाईंनी त्यांना सांगितलं, सगळ्या काचा बंद करा आणि बायपासच्या रिकाम्या रस्त्याला चला.

"काच बंद? इतनी गर्मी में?"

"हां. और पहले वो बीडी फेको. फुग्गा गॅस का है."

अन्सारभाईंनी बीडी इतक्या लांब फेकली की आजही आठवलं की हसू येतं. नाक्यावरच्या ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत आम्ही घामानं भिजलो. बाई आणि नंदा मधल्या सीटवर, फुगा दोघींच्या मध्ये, मी मागे. रस्ता मोकळा झाल्यावर बाई म्हणाल्या, "अब थोडा तेज. अब ब्रेक मारो!"

आम्ही तिघी पुढे आदळलो. बाईंचा चष्मा नाकावरून सुटून दोरीला लोंबकळला. आणि तो लाल फुगा सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, मागे आला आणि माझ्या कपाळाला टेकला.

"फिरसे," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. ब्रेक मारला की फुगा मागे. गाडी जोरात सुटली की आम्ही सीटला रेलायचो आणि फुगा पुढे ड्रायव्हरच्या मानेकडे जायचा. पाच-सहा वेळा झाल्यावर अन्सारभाई आरशातून आमच्याकडे काळजीनं बघायला लागले. "टीचर, तबियत ठीक है ना?"

बाई फुग्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नंदाला विचारलं, "तू हे पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

"पाचवीत असताना."

"मी एकवीस वर्षं हा धडा शिकवतेय," बाई म्हणाल्या. "मला नाही दिसलं कधी."

"का जातो बाई तो मागं?" नंदानं विचारलं. त्या दिवशी ती आपणहून तेवढंच बोलली.

"आत्ता नाही सांगता येत. मला विचार करावा लागेल." मोठ्या माणसानं असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरी, शेजारी, शाळेत, सगळ्यांना सगळं माहीत असायचं.

दोन दिवसांनी नंदा वर्गात आली. बाईंनी तिला मागे जाऊ दिलं नाही, टेबलाजवळ उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नंदा बरोबर होती. मी चुकले. ती एक चूक. न बघता मी हसले, ती दुसरी, आणि ती मोठी." मग पिशवीतली बाटली काढून त्यांनी ती पाण्यानं भरली, आत एवढासा हवेचा बुडबुडा ठेवला, झाकण लावलं आणि बाटली आडवी धरायला नंदाच्या हातात दिली. "हिला टेबलावरून जोरात सरकव आणि एकदम थांबव." बाटली थांबली तसं पाणी पुढे दाटलं आणि बुडबुडा मागे गेला. "गाडीतल्या हवेलाही वजन आहे, बाळांनो. तीही निघालेली असते, तिलाही पुढेच जायचं असतं. ती पुढे दाटते आणि फुगा हलका म्हणून मागे लोटला जातो. नियम तोच आहे. आपण हवेला कोणी समजतच नव्हतो."

मुलांनी नंदाला फुगा म्हणणं लगेच थांबवलं असं नाही. पण आता ती ओ द्यायची. आज ती शहापूरकडे नर्स आहे.

पुढे आम्ही पांगलो. शाळेतली पटसंख्या घटत गेली. मराठी माध्यमाचा एकेक वर्ग बंद झाला आणि बाई निवृत्त झाल्या तेव्हा नववीची एकच तुकडी उरली होती. मी बी.कॉम. झाले आणि भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला लागले. दिवसभर ट्रक, खोकी, चलनं. बाईंची आठवण यायची, सणासुदीला फोन व्हायचा, तेवढंच.

एकदा आमच्याकडे अपघात झाला. राजेश नावाचा लोडर भरलेली ट्रॉली उतारावरून ओढत होता. तो थांबला, ट्रॉली थांबली, वरची खोकी थांबली नाहीत. पाय दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर ऑफिसनं पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवून सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं. लोडरांपैकी निम्मे बसल्या जागी झोपले. मी साहेबांना म्हणाले, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत.

बाई रिक्षानं आल्या. मधल्या सीटवरून उतरल्या. गेटवर वॉचमननं त्यांना अडवलं. आत जायचं तर सेफ्टी शूज पाहिजेत. मी काही बोलणार तेवढ्यात बाई त्याला म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आण." लेडीज मापाचे नव्हतेच. सुती साडीखाली पुरुषी बूट घालून, पाय उचलत उचलत बाई आत आल्या तेव्हा पोरं गालात हसत होती. बाईंनी त्यांना हसू दिलं.

मग त्यांनी एक ट्रॉली मागवली. तिच्यावर नीट न बांधता रिकामी खोकी रचायला लावली आणि रामसूरत नावाच्या सगळ्यात जुन्या लोडरला ती पळवत आणून एकदम थांबवायला सांगितलं. खोकी त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. जोरदार हशा.

"क्यों गिरा?" बाईंनी विचारलं.

"अपने आप गिरा, टीचर."

मी मनात म्हटलं, झालं आता. बाईंनी चष्मा चढवला. "अपने आप कुछ नहीं होता. तुम रुक गए. ट्रॉली रुक गई. लेकिन माल को किसने बताया कि रुकना है? माल को मालूम ही नहीं कि तुम रुक गए. उसको बताना पडता है. रस्सी से बताओ, पट्टे से बताओ, नहीं तो वो तुम्हारे पैर से पूछेगा."

त्यांचं हिंदी मराठीतूनच चालायचं, पण कोणी झोपलं नाही. तासाभरानं पोरं आपण होऊन पट्टे आणून खोकी आवळत होती.

जाताना बाईंनी विचारलं, "ज्याचा पाय मोडला तो कुठे आहे?"

"गावी गेला, बाई. यूपीला."

"त्याला कोणी सांगितलं का, त्याची चूक नव्हती म्हणून?"

त्यांनी मला तिथंच त्याला फोन लावायला सांगितला. गोडाऊनच्या दारात, ते मोठाले बूट घालून, बाई त्या अनोळखी माणसाला पहिला नियम समजावत होत्या. माल, ट्रॉली, उतार. "तुम्हारी गलती नहीं थी, बेटा. बांधने का किसी ने सिखाया नहीं, ये गलती थी." मग "जी, टीचर" एवढंच पलीकडून आलं. बाईंनी फोन मला परत दिला आणि पाठमोऱ्या होऊन बूट काढायला बसल्या. लेस सोडायला त्यांना फार वेळ लागला. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, "राहू दे गं. जमतंय."

त्यानंतर वर्षभरात त्यांचे यजमान गेले. मुलानं काल्हेरलाच एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि बाईंना तिकडे नेलं. माझ्या कंपनीची बस त्या टॉवरवरूनच जायची. बाई फोनवर म्हणायच्या, "सातव्या मजल्यावर आहे. आवाजच येत नाही गं कसला. मला झोप लागत नाही. एकदा ये." मी म्हणायचे, येते बाई. या रविवारी नाही तर पुढच्या.

गेल्या श्रावणात, एका गुरुवारी दुपारी नंदाचा फोन आला. सकाळी बाई गेल्या होत्या. झोपेतच. नंदा रडत नव्हती. तिच्या कामात तिला रडायची सवय राहिली नसावी. एवढंच म्हणाली, "मेघा, तू तर रोज तिथूनच जातेस ना गं? तुला दिसायच्या का बाई?"

दिसल्या होत्या. त्याच आठवड्यात, सोमवारी. सकाळच्या शिफ्टची बस टॉवरसमोर सिग्नलला थांबली होती. आत लहान मुलांची बाग आहे, त्यातल्या झोपाळ्यावर बाई बसल्या होत्या. एकट्याच. मुलं शाळेत गेली असावीत. पदर खोचलेला, दोन्ही हातांनी साखळ्या धरलेल्या. त्यांनी पाय जमिनीला टेकवले नव्हते. झोका हळूहळू कमी होत होता आणि त्या तो थांबायची वाट बघत असाव्यात, मान थोडी तिरकी करून, झोका मोजत असल्यासारख्या. मी खिडकीवर टकटक केली. काच जाड होती. हात हलवला. त्या आपल्याच नादात होत्या.

बसमध्ये बसायला जागा मिळाली होती, आणि आठ वाजता दोन ट्रक लागणार होते. मी म्हटलं, रविवारी नक्की.

सिग्नल सुटला. मी मान वळवून बघत राहिले. बाग मागे गेली, मग टॉवरचं गेट, मग पाटी. ड्रायव्हर ओळखीचा होता. थांब म्हटलं असतं तर थांबला असता.